लाइनमनचा खांदा

पहिल्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडमनी शेकाच्या यंत्राला हातच लावला नाही. त्यांनी काचेच्या दोन नळ्या आणल्या. एकीत गरम पाणी, दुसरीत थंड. मला डोळे मिटायला सांगितलं आणि नळी खांद्यावर जागोजागी टेकवत गेल्या.

"काका, गरम की थंड, एवढंच सांगा. अंदाजाने सांगू नका. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा."

पुढून, मागून, काखेजवळ, दंडावर, अशी पंधरा-वीस वेळा नळी लागली. एकही उत्तर चुकलं नाही. मला वाटलं, झालं. पण त्या पायांकडे वळल्या. डाव्या पावलाचं ठीक निघालं. उजव्या तळव्याला काहीतरी लागलं एवढं कळत होतं, पण ते गरम की थंड हे सांगताना मी तीनदा चुकलो.

"खांदा शाबूत आहे, खांद्याला शेक देऊ," त्या म्हणाल्या. "पायांना मात्र कुठेही, कुणाकडूनही शेक घ्यायचा नाही. घरी गरम पाण्याची पिशवीसुद्धा नाही."

मी त्यांना उजव्या पावलाच्या कडेचा डाग दाखवला.

दोन वर्षांपूर्वी माझा तो घोटा मुरगळला होता. तेव्हा मी दुसऱ्या एका दवाखान्यात शेक घ्यायला गेलो होतो. मला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली आहेत. तिथे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मुरगळलेल्या घोट्याशी साखरेचा काय संबंध, असंच मनात होतं. तिथल्या मुलाने पावलाला गरम पॅक गुंडाळला आणि तो दुसऱ्या पेशंटकडे गेला. वीस मिनिटं मी पेपर वाचत बसलो. चटका लागत नव्हता, म्हणून पॅक कोमट असेल असं धरून चाललो. घरी आल्यावर चप्पल काढताना बायकोला दिसलं. पावलाच्या बाहेरच्या कडेला रुपयाएवढा फोड आला होता. तो फुटला, चिघळला आणि भरून यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत दिवसाआड ड्रेसिंग, चढ्या साखरेची धास्ती आणि पाय जाईल का ही भीती. शेक हा शब्द उच्चारला तरी घरात सगळ्यांचे चेहरे उतरायचे.

मी वीज खात्यात लाइनमन आहे. तीस वर्षं खांबांवर चढलो. आमच्या कामाचा पहिला धडा असा की तार मेलेली आहे असं कुणी सांगितलं, तरी तेवढ्यावर हात लावायचा नाही. आधी टेस्टर, मग डिस्चार्ज रॉड, मग अर्थिंग आणि त्यानंतर हात. त्या दोन नळ्या बघितल्या तेव्हा मला एकदम उमगलं की हाही टेस्टरच आहे. माझ्या पावलातली तार मेलेली होती आणि दोन वर्षांपूर्वी ती कुणी तपासली नव्हती. जुनी भीती तिथेच निम्मी उतरली. या बाई नियम पाळतात एवढं कळलं आणि मी खांदा त्यांच्या हवाली केला.

खांद्याचं दुखणं दिवाळीनंतर सुरू झालं होतं. मार लागला नाही, पडलो नाही. गोव्यात आमच्या फोंड्याहून सुटलेल्या कदंबच्या सरकारी बसमध्ये वरचा दांडा डाव्या हाताने धरायला गेलो आणि खांद्यात कळ उठली. चार दिवसांत जाईल म्हणून बाम चोळत राहिलो. मग रात्रीचं सुरू झालं. डाव्या कुशीवर वळलं की जाग, उजव्या कुशीवरही हात लोंबला की जाग. दोन-तीन महिने सलग झोप नाही. मार्चपर्यंत दुखण्याची धार थोडी कमी झाली, पण तोपर्यंत खांदा बसला होता. शर्टची बाही चढवताना बायको लागायची. पाठीला साबण पोचेना. डावीकडच्या मागच्या खिशात हात जाईना. खांबावर चढून सेफ्टी बेल्ट मागून पुढे आणून अडकवायचा असतो. तो अडकवता येईना, तेव्हा मी स्वतःहून साहेबांना सांगितलं आणि सबस्टेशनची ड्युटी घेतली. तीस वर्षांत कामाला नाही म्हणण्याची ती पहिली वेळ. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मे महिन्यात बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात गेलो. एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी माझी कोपर अंगाला चिकटवून धरली आणि हात बाहेरच्या बाजूला वळवून बघितला. दहा अंशांपुढे सरकेना. मी आपल्या जोराने वळवू शकत नव्हतोच, पण त्यांनी वळवला तरी वळत नव्हता. तेवढ्यावर निदान झालं, फ्रोझन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. ती सुजते, जाड होते आणि आकसते. घामाने भिजलेला सदरा अंगाला चिकटून बसावा तशी सांध्याला आवळून बसते. मधुमेह असलेल्यांना हे दुखणं इतरांपेक्षा जास्त होतं आणि जास्त रेंगाळतं. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग हळूहळू सुटण्याचा. सगळं मिळून वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक. साखर ताब्यात ठेवा आणि फिजिओथेरपी सुरू करा, असं सांगून त्यांनी चिठ्ठी दिली. गावातल्या एका ओळखीच्याने फोंड्याच्या या मॅडमचं नाव सुचवलं. मूळच्या सत्तरी तालुक्यातल्या, शिक्षण झाल्यावर इथे दवाखाना काढलेला.

नळ्यांची परीक्षा झाल्यावर त्यांनी गोनिओमीटर काढला. दोन पट्ट्या मध्ये जोडलेला कोनमापक. हात समोरून वर 95 अंश, बाजूने वर 70, बाहेर वळवणं 10. चांगल्या उजव्या हाताचे आकडे 170, 170 आणि 75. हे सगळं त्यांनी एका वहीत लिहून वही मला दिली. मला हे फार आवडलं. दुखणं कमी-जास्त वाटणं रोज बदलतं, पण आकडा हा आकडा असतो.

दुसऱ्या दिवशी शॉर्टवेव्ह डायथर्मी. आमच्याकडे सगळे याला करंटचा शेक म्हणतात. खोलीत लोखंडी पलंग नव्हता, लाकडी खाट होती. घड्याळ, अंगठी, गळ्यातली चेन आणि कमरेचा चांदीचा करदोडा काढून एका पाकिटात ठेवायला लावलं. मोबाइल बाहेर. अंगातलं बनियन सिंथेटिक होतं, तेही काढायला लावलं. शरीरात कुठे पेसमेकर, धातूची पट्टी, स्क्रू बसवलेला आहे का, हे त्यांनी तोंडी विचारलं, वर कागदावर सही घेतली. दवाखान्यात शिकायला येणारी एक मुलगी गरोदर होती. हे यंत्र चालू असलं की तिला त्या खोलीत यायला मनाई होती.

खांद्याच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन रबरी गाद्या ठेवल्या. गादी आणि कातडी यांच्यामध्ये सुती टॉवेलच्या घड्या. केबल एकमेकींवर येणार नाहीत आणि माझ्या अंगाला लागणार नाहीत अशा लांबून आणल्या. मग मॅडमनी एक छोटासा निऑन दिवा गादीजवळ धरला. तार नाही, पिन नाही, कुठे टेकवलेलाही नाही, तरी दिवा लागला. मी आयुष्यभर टेस्टर खिशात बाळगलेला माणूस, खाटेवर उठून बसलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पडून राहा, सगळं सांगते.

आपल्या घरातला प्रवाह सेकंदाला 50 वेळा पुढे जाऊन मागे येतो. या यंत्राचा 2 कोटी 71 लाख 20 हजार वेळा. म्हणजे 27.12 मेगाहर्ट्झ. रेडिओच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून उद्योग, विज्ञान आणि वैद्यकासाठी काही ठरावीक लहरी राखून ठेवल्या आहेत, त्यांतली ही एक. तिची लांबी 11 मीटर भरते, वस्तीतल्या आमच्या खांबाहून जास्त. शॉक का बसत नाही, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर साधं निघालं. नसेला उत्तेजित व्हायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात प्रवाह कितीतरी वेळा उलटसुलट फिरलेला असतो. नस जागीच होत नाही. शरीरातले भारित कण आणि पाण्याचे रेणू मात्र त्या ओढाताणीत हलत राहतात आणि त्यातून ऊब तयार होते. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्ये जे भरलेलं असतं, त्या जागी माझा खांदा होता. गरम पिशवीची ऊब कातडीतून आत जाते आणि थोडं आत गेल्यावर संपते. ही ऊब आतल्या थरांतच तयार होते. डायथर्मी या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थच मुळी आरपार ऊब.

पण मला जो प्रश्न खरा महत्त्वाचा वाटत होता तो पुढचा. मी विचारलं, "आत किती तापलं हे दाखवणारं मीटर कुठे आहे?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "हा खटका किती फिरवला ते यंत्र दाखवतं. तुमच्या खांद्यात किती अंश झाले ते नाही दाखवत. तेवढ्याच खटक्यावर एकाला कोमट वाटेल, दुसऱ्याला चटका बसेल. चरबी किती, गादी किती अंतरावर, घाम किती, यावर ते ठरतं. आत मोजायचं तर सुई खुपसावी लागेल. म्हणून मीटर तुम्हीच. मला सौम्य, हवीशी वाटणारी ऊब पाहिजे. त्याहून जास्त झालं, एकाच जागी तापलं, टोचलं, ठणकलं, तर लगेच हे बटण दाबायचं."

त्यांनी माझ्या उजव्या हातात वायर जोडलेलं बटण दिलं. दाबलं की यंत्र बंद.

मी तीस वर्षं जिथे काम केलं तिथे माणसाच्या जाणिवेवर कुणी काही सोडत नाही, सोडूही नये. इथे ती जाणीवच मोजमाप होती. म्हणून आधी नळ्या. मीटर बरोबर दाखवतं का, हे तपासल्याशिवाय ते जोडायचं नाही, असा त्याचा अर्थ.

तरी तिसऱ्या दिवशी मी चूक केली. जितका शेक कडक तितका गुण लवकर, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. मीही आजीच्या हातचा तव्यावरच्या फडक्याचा शेक खाऊन मोठा झालेला. त्या दिवशी खांद्याच्या पुढच्या बाजूला एक जागा जास्त तापायला लागली. सहन होतंय ना, मग होऊ दे, म्हणून गप्प राहिलो. पाच मिनिटांनी मॅडम बघायला आल्या, टॉवेल उचलला आणि यंत्र बंद केलं. जून संपत आलेला, बाहेर धो धो पाऊस, हवेत कोरडेपणाचं नाव नाही. टॉवेलची एक घडी घामाने ओली झाली होती आणि त्या ओल्या जागेवर ताप एकवटला होता. कातडी लाल झाली होती, फोड आला नव्हता.

त्या रागावल्या नाहीत, पण आवाज बदलला. "काका, खांबावर असताना खालून कोणी लाइन चालू केली आणि तुम्हाला हाताला मुंग्या आल्या, तर सहन होतंय म्हणून गप्प बसाल?"

मला उत्तर नव्हतं. त्यानंतर दरवेळी अंग पुसून कोरडं केलं जायचं, टॉवेल नवा यायचा आणि मी प्रत्येक दोन-तीन मिनिटांनी न विचारता सांगायचो, ठीक आहे, आता थोडं वाढलं, आता पुढे जास्त आहे. कधी दवाखान्यात लाइट जायची. गोव्याच्या पावसात एखादी झावळ तारेवर पडायला वेळ लागत नाही. अशा वेळी यंत्र थांबलं की मॅडम राहिलेली मिनिटं धरायच्या नाहीत. लाइट आल्यावर शून्यापासून खटका वर न्यायच्या आणि पुन्हा विचारायच्या.

आता खरं दुखणाऱ्या भागाबद्दल. पंधरा मिनिटांचा शेक संपला की मला वाटायचं पाच मिनिटं असंच पडून राहावं. खांदा सैल झालेला, दुखणं पातळ झालेलं, वर पत्र्यावर पावसाचा आवाज. पण गाद्या निघतात न निघतात तोच मॅडम हात धरायच्या. कोपर अंगाला लावून हात बाहेर वळवत न्यायचा, जिथे अडेल तिथे धरून ठेवायचा, अर्धा मिनिट, सोडायचा, पुन्हा. मग काखेच्या बाजूने हाडाचा गोळा खाली सरकवत बाजूने वर. डोळ्यांत पाणी यायचं. एकदा मी म्हटलं, थोडं थांबूया ना. त्यांनी हात न सोडताच समजावलं. आखडलेली पिशवी ही कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची. ती 40 ते 45 अंशांच्या आसपास तापली की ताणाला वश होते, गार झाली की पुन्हा हट्टी. शेक काढल्यावर ऊब झपाट्याने उतरते, हातात येतात ती जेमतेम काही मिनिटं. "शेक म्हणजे उपचार नाही, काका. उपचार आत्ता चाललाय तो. शेकाने फक्त दार किलकिलं केलंय. तुम्ही पडून राहिलात तर ते बंद होईल."

पोह्यांवर पाणी शिंपडल्यावर ते लगेच परतायचे असतात, तसं काहीसं हे, असं मी बायकोला सांगितलं. तिला पटकन कळलं.

दोन आठवड्यांनी शॉर्टवेव्ह थांबवून अल्ट्रासाउंड सुरू केलं. ही बातमी वाड्यावर पोचली आणि शेजारच्या काकी संध्याकाळी विचारायला आल्या, "सोनोग्राफीत काय आलं?" त्यांना समजावताना माझंही नीट समजून झालं. सोनोग्राफीत ध्वनिलहरी आत जाऊन परत येतात आणि त्या प्रतिध्वनींचं चित्र बनतं. उपचाराच्या यंत्रात चित्र नाहीच. लहरी आत जाऊन तिथेच जिरतात आणि जिरताना ऊब देतात. कंप सेकंदाला 10 लाख. माणसाच्या कानाला 20 हजारांपर्यंतच ऐकू येतं, त्यामुळे आवाज काही येत नाही. यंत्राच्या अंगावर फिरवायच्या भागाला डोकं म्हणतात. दुसरं डोकं 30 लाखांचं असतं, ते वरवरच्या जागांसाठी, एक-दोन सेंटिमीटरपर्यंत. 10 लाखांचं जास्त आत, तीन ते पाच सेंटिमीटर. खांद्याची पिशवी खोल, म्हणून मला 10 लाखांचं. आणि शॉर्टवेव्हचा ताप वरच्या चरबीत बराच खर्च होतो, तर ध्वनिलहरी चरबीतून फारशा न जिरता पुढे जातात आणि हाडं जोडणारे अस्थिबंध, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा, सांध्याची पिशवी अशा प्रथिनांनी भरलेल्या जागी जास्त जिरतात. नेमकं तिथे हवं होतं.

या यंत्राची तपासणीही मी बघून ठेवली. मॅडम डोकं वर तोंड करून धरायच्या, त्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाकायच्या आणि चालू करायच्या. थेंब थरथरून उसळायला लागले की यंत्र ठीक. मग खांद्यावर जेल. हवेचा पातळ थरसुद्धा मध्ये राहिला तर लहरी तिथूनच माघारी फिरतात, म्हणून जेलचा हात सढळ. डोकं सतत छोट्या गोलांत फिरवत ठेवायचं, एका जागी ठेवायचं नाही. का ठेवायचं नाही, हे मला एकदा प्रत्यक्ष कळलं. खांद्याच्या टोकावर हाड अगदी कातडीखाली असतं. शिकाऊ मुलीचा हात तिथे क्षणभर रेंगाळला आणि हाडात खोलवर, दात दुखावा तशी ठणक उठली. या वेळी मी लगेच बोललो. तिने डोकं हलवलं, ठणक गेली. मॅडमनी तिला शांतपणे सांगितलं की हाड ध्वनी भराभर जिरवून घेतं आणि त्यावरचं आवरण सगळ्यात आधी ओरडतं.

या ध्वनीची गोष्ट त्यांनी एका दुपारी सांगितली, त्या दिवशी पेशंट कमी होते. 1880 मध्ये फ्रान्समधल्या झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी शोधलं की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यावर वीज उमटते. पुढच्याच वर्षी उलटंही सिद्ध झालं, वीज दिली की स्फटिक आकार बदलतो. वीज झपाट्याने उलटसुलट करा, स्फटिक तेवढ्याच झपाट्याने थरथरतो आणि ध्वनी निर्माण होतो. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायला पॉल लांजव्हँ या शास्त्रज्ञाने हा ध्वनी वापरला. त्याच्या टाकीत लहरींच्या वाटेत आलेले मासे मेले आणि पाण्यात हात घातला तर हातात वेदना झाली. या ध्वनीला जिवंत शरीरात काहीतरी करता येतं, हे असं कळलं. मला मालीमच्या धक्क्यावरचे ट्रॉलर आठवले. मासळीचा थवा शोधणारा त्यांच्यावरचा पडदा आणि माझ्या खांद्यावर फिरणारं हे डोकं, एकाच घराण्यातले. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले लोक समुद्राचा तळ मोजतात तेही ध्वनीनेच. इतक्या वर्षांत त्या रस्त्याने कितीदा गेलो असेन, हे कधी मनात आलं नव्हतं.

अल्ट्रासाउंडच्या वेळी मॅडम हात आधीच जमेल तेवढा बाहेर वळवून, उशीवर टेकवून ठेवायच्या. म्हणजे पिशवी ताणलेली असतानाच तापायची. आठ मिनिटं डोकं फिरायचं आणि मग तोच हात, तोच ताण. पाचव्या आठवड्याच्या शेवटी वहीत आकडे होते 130, 105 आणि 30.

आणि तिथे मॅडमनी यंत्रं बंद केली.

मला धक्का बसला. बरं वाटायला लागलं आणि शेक बंद? मला खरंच वाटलं की आपल्यावरून त्यांचं लक्ष उडालं. दुसऱ्या दिवशी मी थोड्या घुश्शातच विचारलं. त्यांनी टाळाटाळ केली नाही. अल्ट्रासाउंडवर अनेक चाचण्या झाल्या आहेत, त्यांत काहींना खरं यंत्र लावलं, काहींना डोकं तसंच फिरवलं पण यंत्र बंद ठेवलं. कितीतरी चाचण्यांत दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. "म्हणून मी नुसत्या मशीनवर कुणाला महिनोन् महिने बोलावत नाही. तुमचा खांदा इतका दुखत होता की मला हात लावू देत नव्हता. शेकाने तो लावू दिला. आता तो लावू देतो, मग मशीन कशाला? आता घरचा व्यायाम दिवसातून तीनदा. तो चुकला तर मशीन वाचवणार नाही."

हे कुठल्याही दवाखान्याच्या गल्ल्याला परवडणारं बोलणं नाही. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो अजून तसाच आहे. खरं सांगायचं तर मला यंत्राचीच सवय झाली होती. पडून राहायचं, काहीतरी आधुनिक आपल्यासाठी चाललेलं असतं, आपण फक्त ऊब घ्यायची. ते सोडणं जड गेलं.

विहिरीवर पंप बसल्यापासून जुनी कप्पी पडवीत पडून होती. ती घासून, तेल घालून मागच्या सोप्याच्या तुळईला टांगली. दोरीच्या दोन टोकांना लाकडी मुठी बांधल्या. उजव्या हाताने खाली ओढायचं, डावा आपोआप वर. सकाळी अंघोळीच्या गरम पाण्यात टॉवेल पिळून दहा मिनिटं खांद्यावर, आणि लगेच कप्पी. आधी तांब्या हातात धरून, वाकून, लोलकासारखा हात सोडून हलवणं. हा व्यायाम कॉडमनच्या नावाने ओळखला जातो. फ्रोझन शोल्डर हे नावही 1934 मध्ये याच डॉक्टरने दिलं. मग भिंतीवर बोटांनी चढत जाणं. भिंतीवर मी पेन्सिलने खुणा केल्या, खाली तारीख. आई ओरडली, गणेशचवथीच्या तोंडावर रंगवलेली भिंत खराब केली म्हणून. मग तिने स्वतःच एके दिवशी विचारलं, आज कुठपर्यंत गेला?

चवथीला आमच्या मूळ घरात माटोळी मी बांधतो. गणपतीच्या वरची लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घड, चिबूड, तोरिंजन, रानातली फळं आणि पानं सगळं दोरीने टांगायचं. दोन्ही हात डोक्याच्या वर धरून दोन-तीन तासांचं काम. यंदाही जमेल अशी मनात आशा होती. हात वर जात होता, पण वर राहत नव्हता. चौथ्या गाठीला दंड थरथरायला लागला आणि नारळ पुतण्याच्या हातात द्यावा लागला. त्याने वर बांधलं, मी खाली बसून दोऱ्या कापून दिल्या, कुठलं फळ कुठे ते सांगितलं. त्याला सगळी नावं येत नव्हती, ती त्या दिवशी आली. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, सांधा सुटलाय, स्नायू दहा महिने बसून आहेत. त्यानंतर रबरी पट्ट्यांचा व्यायाम सुरू झाला.

मधल्या काळात माझ्या चुलत भावाने विचारलं, गुडघ्यासाठी करंटचा शेक घेऊ का, तुला गुण आला ना. त्याच्या छातीत पेसमेकर आहे. मी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो आणि फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही म्हणून समोर बसून सांगितलं. शॉर्टवेव्हच्या खोलीत पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. कुठल्याही दवाखान्यात गेलास तर नाव सांगायच्या आधी पेसमेकर सांग. त्याला मॅडमकडे मीच घेऊन गेलो. त्याला त्यांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले, यंत्र एकही नाही. तो थोडा हिरमुसला, पण रोज करतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचे आकडे घेतले. समोरून 160, बाजूने 150, बाहेर वळवणं 55. शर्ट मी माझा घालतो, रात्री डाव्या कुशीवर झोपतो. मागच्या खिशातलं पाकीट निघतं. सेफ्टी बेल्ट घरी खुर्चीला लावून बघितला, मागून पुढे आणून अडकवता आला, दोनदा. खांबावर परत कधी, हे साहेब आणि डॉक्टर मिळून ठरवतील.

निघताना मॅडमनी पुन्हा नळ्या काढल्या. खांद्यासाठी नव्हत्या, पायांसाठी. उजवा तळवा अजून तसाच आहे. दर रात्री झोपण्यापूर्वी बायको बॅटरी घेऊन दोन्ही तळवे बघते. कप्पी सोप्यात टांगलेली आहे, सकाळी वीसदा ओढणं चालू आहे.